चाक आणा, मग दाखवतो

आमच्या घरात चाकांची वाटणी झाली तेव्हा दादाच्या वाट्याला मोटारीचं चाक आलं आणि माझ्या वाट्याला सायकलचं. सायकलला दळणाचा डबा लटकवायचा आणि गिरणीत जाऊन यायचं, एवढाच माझा प्रवास. ह्या वाटणीबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. मोटार हाकायला जी एक जातिवंत बेफिकिरी लागते ती माझ्या अंगात नाही. १९७८ साली दादाने एका मित्राची फियाट मागून आणली आणि हडपसरच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर मला शिकवायला घेतलं. समोरून एक म्हैस आली. मी ब्रेक दाबायचा सोडून म्हशीला दोन्ही हात जोडले. म्हैस समंजस होती, ती बाजूला झाली. दादा तेवढा समंजस नव्हता. त्याने मला तिथेच उतरवलं आणि मी बसने घरी आलो. त्यानंतर जन्मभर मी दादाच्या शेजारच्या सीटवर बसून पावसाळ्यात आतून काच पुसण्याचं काम इमानेइतबारे केलं.

१९८३ साली दादाने स्वतःची गाडी घेतली. प्रीमियर पद्मिनी. हे तिचं कागदावरचं नाव. घरात आणि गल्लीत ती फियाटच. कंपनीने तिचं नाव १९७४ सालीच पद्मिनी केलं होतं. पण सासरचं नाव कागदावर आणि माहेरचं लोकांच्या तोंडी, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. दादाने तिला चाळीस वर्षं सांभाळलं. रोज सकाळी पुसायची, रविवारी धुवायची. वहिनी म्हणायच्या, "मला एवढं पुसलं असतं तर मीही अशीच चकाकले असते."

२०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीला निरोप दिला गेला. शेवटच्या टॅक्सीची नोंद २००३ सालची आणि टॅक्सीला मुदत वीस वर्षांची, ती भरली. दादाने ती बातमी मोठ्याने दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना त्याने पेपर जरा जास्तच जवळ धरला होता. आमच्यापैकी कुणाच्या तरी ते तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. महिन्याभराने गाडी मागे घेताना त्याने सोसायटीच्या फाटकाचा खांब आडवा केला. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. समोरचं दिसतंय, बाजूचं हळूहळू पुसलं जातंय. गाडी बंद. प्रसादने, म्हणजे माझ्या पुतण्याने, किल्ली मागून घेतली आणि संक्रांतीच्या आत गाडी विकून टाकली.

दादा त्यावर काहीच बोलला नाही. तो चिडला असता, चार भांडी आपटली असती, तर आम्ही निश्चिंत झालो असतो. तो ग्यालरीत खुर्ची टाकून बसायचा आणि खाली गाडी उभी राहायची त्या जागेकडे बघायचा. तिथे आता दुसऱ्या कुणाची पांढरी गाडी उभी असते. असे आठ-नऊ महिने गेले. एक दिवस वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुम्ही काहीतरी करा. हे घरात आहेत, पण नाहीत."

मी काय करणार? म्हशीला हात जोडणारा माणूस. पण त्या रात्री मला दादाचं एक जुनं वाक्य आठवलं.

१९९२ साली प्रसाद इंजिनिअरिंगला असताना त्यांच्या घरी कम्प्युटर आला होता. त्याला हळदकुंकू लागलं, पुढे नारळ फुटला, आणि मग प्रसादने त्यात एक फ्लॉपी सरकवली. खेळाचं नाव 'टेस्ट ड्राइव्ह'. १९८७ सालचा, कॅनडातल्या डिस्टिंक्टिव्ह सॉफ्टवेअरच्या मंडळींनी तयार केलेला आणि अमेरिकेतल्या अ‍ॅकोलेड कंपनीने विकायला काढलेला. पाच महागड्या गाड्यांतली एक निवडायची आणि डोंगरातल्या रस्त्याने हाकायची. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, समोरून येणारी वाहनं आणि वेग वाढवला की मागे पोलीस. धडक बसली की समोरच्या काचेला तडा जायचा. घाटाचा एकेक टप्पा पेट्रोल पंपापाशी संपायचा. चित्रं आजच्या मानाने अगदीच शाळेच्या हस्तलिखितातली. पण दादाचे डोळे लकाकले. "अरे, हा तर आपला खंबाटकी!" म्हणून तो बसला. बाणांची बटणं दाबून गाडी वळवायची होती. लागोपाठ तीनदा काचेला तडा गेला. दादा ताडकन उठला आणि म्हणाला, "गाडी चालवणं म्हणजे काय टायपिंग आहे? चाक आणा, मग दाखवतो."

आम्ही हसलो. चाक काही कुणी आणलं नाही. वाक्य बत्तीस वर्षं उधारीत पडून राहिलं.

दिवाळीच्या साफसफाईत ती उधारी फेडण्याची संधी आली. दादाच्या घरच्या माळ्यावरून एक खोकं निघालं. त्यात प्रसादच्या मुलाचं, ओंकारचं, जुनं स्टेअरिंग होतं. टेबलाला घट्ट बसवायचं चाक आणि पायाखाली ठेवायची दोन पेडलं. त्याने नवीन घेतल्यामुळे हे माळ्यावर गेलं होतं. मी त्याला बाजूला घेऊन बेत सांगितला. पोरगं पंधरा वर्षांचं, मनाने चांगलं. "छोटे आजोबा, त्यात काय! माझा नवा गेम लावून देतो."

लावला. काय तो थाट! काचेवर पावसाचे थेंब, आरशात मागची गाडी, ओल्या रस्त्यात दिव्यांची प्रतिबिंबं. दादाने दोन मिनिटं पाहिलं. "छान आहे सिनेमा," म्हणाला आणि ग्यालरीत जाऊन बसला.

ओंकारचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "आपण तो जुनाच लावू."

"किती जुना?"

"तुझ्या बाबांचं लग्न ठरायच्या आधीचा."

"मग त्याला चाक म्हणजे काय ते कसं कळेल?"

पोरगं बरोबर मुळावर बोट ठेवून मोकळं झालं. प्रसादने तो खेळ कधीतरी फ्लॉपीवरून सीडीवर उतरवून ठेवला होता, तो सापडला. ओंकारचा जुना कम्प्युटर मी आमच्या घरी आणला, म्हणजे दादाला सुगावा नको. चाक टेबलाला आवळलं, वीज दिली. दिल्याबरोबर ते आपलं आपण गर्रकन डावीकडे फिरलं, मग उजवीकडे, मग मध्ये येऊन थांबलं. आमची ही देवापुढे निरांजन लावत होती, तिने तिथूनच रामरक्षा सुरू केली. ओंकारने सांगितलं की चाक आपली दोन टोकं तपासून घेतं. मग खेळ सुरू केला. चाक फिरवलं, पेडल दाबलं, पुन्हा दाबलं. लाल गाडी घाटाच्या तोंडाशी ढिम्म उभी.

मी बँकेतला माणूस. खातं जुळलं नाही की मागच्या वर्षांच्या वह्या काढायच्या, ही चौतीस वर्षांची सवय. चाकाचं आणि खेळाचं खातं जुळत नाही म्हटल्यावर मी मागच्या वह्या काढल्या, आणि पार १९६८ सालापर्यंत गेलो.

त्या साली जपानात कास्को कंपनीने 'इंडी ५००' नावाचं यंत्र केलं. पुढच्या वर्षी शिकागो कॉइन कंपनीने त्याच धर्तीवर अमेरिकेत 'स्पीडवे' काढला. ह्यांत टीव्हीचा पडदाही नव्हता. फिरत्या तबकड्यांवर गाड्या रंगवलेल्या, मागून दिवा, आणि त्यांची चित्रं समोर पडायची. आपल्या जत्रेतल्या बायोस्कोपला चाक लावलं तर काय होईल, तेच हे.

टीव्हीच्या पडद्यावरची गाडी १९७४ सालची. अमेरिकेत अटारीचा 'ग्रॅन ट्रॅक १०' आणि जपानात ताइतोचा 'स्पीड रेस', दोघेही त्याच वर्षीचे. 'स्पीड रेस' करणारे तोमोहिरो निशिकादो पुढे १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' करून जगाला ठाऊक झाले. 'ग्रॅन ट्रॅक'ला चाक, गिअर, अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक, सगळा संसार होता. मात्र हिशेबात गफलत अशी झाली की यंत्र बनवायला लागणाऱ्या खर्चापेक्षा कमी किमतीला ते विकलं जात होतं. जितकी विक्री जास्त तितका तोटा जास्त. असं कर्जखातं मी एकदा तपासलं होतं, तो गृहस्थही असाच हसतमुख होता.

१९७६ साली अटारीचा 'नाइट ड्रायव्हर' आला. रात्रीची वेळ, काळोख, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांचे पांढरे खुंट तेवढे अंगावर धावून येणारे. काळोख का, तर काळोख दाखवायला खर्च येत नाही. आणि आपली गाडी? ती पडद्यावर नव्हतीच. पडद्याच्या खालच्या बाजूला छापील गाडी लावून दिली होती! चाक फिरवलं की गाडी जागच्या जागी आणि रस्ता वळायचा. मी हडपसरला थोडाफार ह्याच पद्धतीने गेलो होतो.

त्याच साली सेगाच्या 'मोटो-क्रॉस'मध्ये धडक बसली की हातातलं हँडल थरथरू लागलं. इथून चाकाचा खरा इतिहास सुरू होतो, असं माझं नम्र मत आहे. चित्रं सुधारणं निराळं आणि हाताला काहीतरी जाणवणं निराळं. १९८२ साली नामकोच्या 'पोल पोझिशन'ने जपानातला खराखुरा फुजीचा ट्रॅक पडद्यावर आणला. १९८६ साली सेगाच्या यू सुझुकींनी 'आउट रन' केला. त्यात लाल उघडी गाडी, शेजारी बाई, रेडिओवर तीनपैकी आपल्या पसंतीची चाल, आणि मोठ्या यंत्रात तर आपण बसलेली अख्खी पेटीच वळणावर हलायची. १९८९ साली अटारीच्या 'हार्ड ड्रायव्हिन'ने कमाल केली. त्याला क्लच होता, गाडी सुरू करायची किल्ली होती, आणि चाकामागे मोटर बसवून खऱ्या चाकासारखा ताण दिला होता. रस्त्याकडेला एक गाय होती. तिला धडकलात तर ती हंबरायची. हे वाचून मला त्या कारागिरांबद्दल फार आदर वाटला. रस्त्यावर जनावर येतं, हे ज्याला कळलं त्याला मोटार कळली.

आता ह्या सगळ्या यंत्रांत एक गोष्ट समान होती. चाक आणि खेळ एकाच पेटीत जन्मले, एकाच पेटीत नांदले. एकमेकांची भाषा त्यांना उपजत येत होती. भांडण सुरू झालं ते खेळ घरात आल्यावर. तिथे खेळ एका घरचा आणि चाक दुसऱ्या घरचं. म्हणजे रीतसर बघून ठरवलेलं लग्न, आणि त्यात जुळवून घेणं आलं.

ह्या लग्नाचा करारनामा १९८१ सालचा. आयबीएमने आपल्या पीसीबरोबर खेळाची काठी जोडायला एक पट्टी काढली. पंधरा टाचण्यांचं तोंड, चार दिशामापं, चार बटणं. काठी किती कलली हे कम्प्युटरला थेट कळत नसे. काठीच्या मुळाशी विजेला कमीजास्त अडवणारी एक चकती. त्या वाटेने वीज एका इवल्याशा साठवणीत भरायची, आणि ती भरेपर्यंत कम्प्युटर एक, दोन, तीन असे आकडे म्हणत बसायचा. आपल्याकडे सकाळी नळाची तोटी किती उघडी आहे हे कुणी बघत नाही. बादली भरायला किती वेळ लागला त्यावरून पाण्याचा जोर ओळखतात. तसंच हे. अडचण एवढीच की मोजणारा चपळ असला तर तेवढ्याच बादलीला तो जास्त आकडे म्हणतो. दर वर्षी कम्प्युटर चपळ होत गेले आणि दर खेळाला आधी विचारावं लागलं, 'काठी डावीकडे न्या, बटण दाबा. उजवीकडे न्या, बटण दाबा.'

आणि त्या काळच्या खेळाला काठीशिवाय दुसरं काही ठाऊकच नव्हतं. काठी डावी-उजवी म्हणजे वळण. पुढे ढकलली म्हणजे वेग, मागे ओढली म्हणजे ब्रेक. नव्वदच्या दशकात थ्रस्टमास्टरसारख्या कंपन्यांनी घरगुती कम्प्युटरसाठी चाकं काढली तीही वरून चाक आणि आतून काठीच. चाक फिरवलं की काठी डावी-उजवी. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की काठी पुढे, ब्रेक दाबला की मागे. खेळाला वाटायचं, कुणीतरी काठीच हलवतंय. कुणी खरं सांगितलं नाही आणि संसार उत्तम चालला.

१९९६ साली यूएसबी आलं. २००७ साली लोकांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने त्या जुन्या पंधरा टाचण्यांना रामराम केला. चाकं शहाणी झाली. अ‍ॅक्सिलरेटरचं माप वेगळं, ब्रेकचं वेगळं, कारण शर्यतीतला माणूस दोन्ही एकदम दाबतो म्हणे. चाकाचा फेर ९०० अंश, म्हणजे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच फेरे, खऱ्या मोटारीसारखे. आत मोटर. एवढी विद्वत्ता घेऊन ते १९८७ सालच्या खेळापुढे उभं राहिलं. खेळाला त्याचं एक अक्षर कळेना.

इथे मधला माणूस लागतो. त्याचं नाव डॉसबॉक्स. २००२ पासून उपलब्ध असलेला, फुकट मिळणारा हा प्रोग्रॅम जुन्या खेळाला सांगतो, "काळजी करू नकोस, अजून जुनाच कम्प्युटर आहे, जुनीच पट्टी आहे, आणि हा आलाय तो काठीवालाच." लग्नात दोन्ही घरांना वेगवेगळं सांगून कार्य तडीस नेणारा एक काका असतो, त्याच्या जातीचा. मी आणि ओंकारने तीन रात्री ह्या काकाच्या मिनतवाऱ्या केल्या.

पहिल्या रात्री गाडी हलली, पण विचित्र. पेडलवर पाय नसला की ब्रेक लागलेला. अर्धं दाबलं की काहीच नाही. पूर्ण दाबलं की सुसाट. आणि ब्रेकचं पेडल? ते निवृत्त माणसासारखं. दाबा, न दाबा, कारभारावर परिणाम शून्य. कारण उघड होतं. काठी मोकळी सोडली की मधोमध उभी राहते, पेडल मोकळं सोडलं की एका टोकाला जातं. खेळ ते टोक म्हणजे 'काठी मागे ओढली' असं समजत होता. ब्रेकचं माप तर त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. चाकाच्या मांडणीत दोन्ही पेडलं एकत्र करायची एक खूण सापडली. केली. दोन पेडलांची पुन्हा एक काठी झाली.

दुसऱ्या रात्री वळणं. घाटातल्या वळणावर मी चाक फिरवतोय, फिरवतोय, रहाटाने पाणी काढावं तसं. आणि गाडी कधीच दरीत पोचलेली. फेर ९०० वरून २०० अंशांवर आणला. मग गाडी आपोआप एका अंगाला ओढू लागली. डॉसबॉक्सच्या मांडणीत 'टाइम्ड' म्हणून एक ओळ असते. तिच्यापुढे 'ट्रू' होतं, ते 'फॉल्स' केलं. म्हणजे खरं होतं ते खोटं केलं, आणि गाडी सरळ चालू लागली. व्यवहारातले अनुभव यंत्रातही येतात.

तिसऱ्या रात्री वेग. नव्या कम्प्युटरवर खेळ असा पळत होता की घाट सुरू कधी झाला आणि संपला कधी कळेना. कंट्रोल आणि एफ-११ ही बटणं एकदम दाबली की डॉसबॉक्स एकेक पायरी मंद होतो. आम्ही जिना उतरावा तसे उतरत गेलो. रात्री पावणेबाराला लाल गाडी माणसाच्या चालीने चालू लागली.

ओंकार जांभई देत म्हणाला, "छोटे आजोबा, आपण तीन दिवस ह्या चाकाला कमी कमीच करत आलो."

खरं होतं. फेर कमी केला, पेडलांची मापं कमी केली, कम्प्युटर मंद केला, आतली मोटर तर बिचारी चाक मध्ये आणण्यापुरतीच उरली. नव्याला जुन्याशी बोलायचं असेल तर नव्यानेच थोडं खाली बसावं लागतं. जुना उठून येत नाही. त्याला येता येत नाही. आम्ही नऊ महिने दादाला 'टॅक्सीने जा, फोनवर बोलावता येते, शिकून घे' असं वरून सांगत होतो. खाली कुणी बसलं नव्हतं. पण पोराला झोप आली होती, म्हणून हे प्रवचन मी तेव्हा गिळलं. इथे आपल्याला ऐकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सगळा सरंजाम दादाच्या घरी नेला आणि ग्यालरीत जाऊन म्हटलं, "दादा, चाक आणलंय."

"कसलं?"

"ब्याण्णव साली मागितलं होतंस ते."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग उठला. खुर्चीत बसून आधी ती पुढे घेतली, जरा मागे घेतली, वर हात नेऊन नसलेला आरसा नीट केला. पायाने चाचपून म्हणाला, "क्लच कुठाय?"

"ह्याला नाही, आजोबा."

"आणि किल्ली?"

"एंटर दाबला की सुरू होते."

दादाने सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि एक किल्ली काढून चाकाच्या शेजारी टेबलावर ठेवली. फियाटची. प्रसादने एक किल्ली मागून घेतली होती, ही दुसरी. प्रसाद दारात उभा होता. तो एकदम आत स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला. दादाने किल्लीचं टोक टेबलावर टेकवून ती अर्धी फिरवली आणि म्हणाला, "हं. दाब एंटर."

गाडी निवडायची वेळ आली. "ह्यात फियाट नाही?"

"फेरारी आहे, आजोबा!"

"ती कुणाची?"

मागच्या वह्या काढल्याचा इथे उपयोग झाला. मी सांगितलं, "फियाटने १९६९ सालीच फेरारीत निम्मा हिस्सा घेतला होता."

"मग हरकत नाही. घरचीच आहे."

पहिल्याच वळणाआधी समोरून गाडी आली आणि धाडकन काचेला तडा गेला. दादा गरजला, "तो राँग साइडने येत होता!" नऊ महिन्यांत त्याचा एवढा मोठा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. ओंकार हळूच म्हणाला, "आजोबा, त्यांच्याकडे उजवीकडून चालवतात."

"मग आधी सांगायला तोंड शिवलं होतं काय?"

पुन्हा किल्ली, पुन्हा एंटर. ह्या खेपेला दादाने घाट जसा चढवायचा तसा चढवला. वळणाआधी वेग कमी, वळणात हात स्थिर, पुढच्या गाडीला तळहाताने हॉर्न. तो वाजत नव्हता, पण दादाचं काही अडलं नाही. पोलिसांना आमची दखल घ्यायचं कारणच पडलं नाही. पडदा समोर होता, बाजूचं काही बघायला लागत नव्हतं. जगातली सर्वांत वेगवान म्हणून मिरवणारी ती गाडी लग्नाच्या वऱ्हाडासारखी सावकाश, अब्रूने, पेट्रोल पंपावर जाऊन उभी राहिली.

दादाने किल्ली उलटी फिरवली. मागे वळून न बघता म्हणाला, "म्हटलं होतं ना?"

वहिनींनी चहा टाकला. ती किल्ली आता कम्प्युटरशेजारच्या खिळ्याला असते. रोज सकाळी दादा पडदा आणि चाक फडक्याने पुसतो, रविवारी जरा जास्त. आणि मला फोन करून बोलावतो.

परवा गेलो तर म्हणाला, "बाळू, आज तू बस."

मी नको नको म्हणत होतो. बसलो. तो शेजारी खुर्ची घेऊन बसला. दोन वळणं कशीबशी निभावली. तिसऱ्या वळणावर समोर आडवं काहीतरी आलं. माझे दोन्ही हात चाकावरून सुटले आणि छातीशी जाऊ लागले.

"हात जोडू नकोस, गाढवा!" दादा ओरडला. "ब्रेक दाब!"

मी दाबला. गाडी थांबली.